गप्प आहे तेवढंच काळं

डिसेंबर निम्मा सरला की आमच्या गल्लीत सकाळी दहाच्या सुमाराला तीन शाळांचे तीन स्पीकर एकदम सुरू होतात. एकीकडं कोळीनृत्य, दुसरीकडं देशभक्ती, तिसरीकडं नुसतंच 'हॅलो, हॅलो, माइक चेक'. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर साखर कारखान्याची काजळी बारीक बारीक येऊन बसते. वाऱ्यानं तोंड फिरवलं की कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड धूर घरात शिरतो. आणि माझा फोन वाजायला लागतो. बाकीच्यांचा हा उसाचा हंगाम, माझा गॅदरिंगचा.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत बॅटरीच्या दुकानामागं माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. दारावरच्या पाटीवर 'स्टुडिओ' असं लिहिलंय, पण बोलताना मी अजून खोलीच म्हणते. वर्षभर जाहिराती, भजनी मंडळं, लग्नाच्या चित्रफितींची गाणी असं काय काय चालतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र नुसत्या शाळा. तीन गाणी जोडा, मधलं कापा, शेवटचं थोडं पळवा. एका बाईंना शेतकरी नृत्यात बैलाचा हंबरडा हवा होता. मी चांगला घसघशीत हंबरडा घालून दिला, तर म्हणाल्या, "मॅडम, ह्यो बैल दुखणायत हाय. आमास्नी खुशीतला पायजे." खुशीतला बैल शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. अशा गमती सांगायला बसले तर हंगाम पुरणार नाही.

यंदाचाही पहिला फोन परवा येऊन गेला. तो ठेवला आणि मी नेहमीच्या सवयीनं पडद्यासमोर बसले, आणि दर वर्षी आठवतो तोच एक डिसेंबर आठवला. माझी खुर्ची जाता जाता राहिली तो.

ज्यांनी अशी खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. संगीताचं सगळं काम आता पडद्यावर होतं. एकाखाली एक आडव्या ओळी असतात. एक ओळ ढोलकीची, एक गाणाऱ्याची, एक बासरीची. आम्ही त्यांना ट्रॅक म्हणतो. डाव्या अंगाला ट्रॅकचं नाव आणि त्याला चिकटून एक इवलंसं बटण. ते दाबलं की तेवढी ओळ गप्प होते, बाकीच्या वाजत राहतात. एखाद्याचा खोकला शोधायचा असला की आम्ही इतरांना असं गप्प बसवतो आणि काम झालं की पुन्हा बोलतं करतो. करायचं असतं, असं म्हणते.

आणि हा सगळा पसारा काळा असतो. काळ्यावर करडं, करड्यावर जरा कमी करडं, त्यावर मुंगीएवढी पांढरी अक्षरं. ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांना काळ्याचं एवढं वेड कुणी लावलं कोण जाणे. मी या धंद्यात आले ते एका जाहिरातवाल्याकडं ब्लेडनं टेपची रिळं कापायला. तिथलं टेबल चक्क क्रीम रंगाचं होतं, बटणं लाल-पिवळी, आणि प्रत्येक बटणाखाली चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात नाव. पुढं संगणक आला, तोही आधी पांढराफटक होता. मग एका वर्षी सगळ्यांनी ठरवल्यासारखा सगळा पडदा काळा झाला. जाहिरातीतला स्टुडिओ काळा, त्यातला माणूस काळ्या टी-शर्टात, त्याच्या गालावर पडद्याचा निळा उजेड. आमच्या खोलीत तर खिडकीतून भरदुपारी ऊन येतं आणि शेजारणीच्या पापडांचा वास येतो. तिथं तो काळा पडदा सुतकात बसल्यासारखा वाटायचा.

पण सर्जेरावांना तो फार आवडायचा. सर्जेराव म्हणजे माझे भागीदार. आमच्या यजमानांचे मित्र, म्हणून मी त्यांना वैनी. पेटी, कीबोर्ड, चाली बांधणं हे त्यांचं. ध्वनिमुद्रण आणि पडदा माझा. बावीस वर्षं असंच चाललंय. डोळे मिटून ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "वैनी, तुम्ही नावं वाचा, मी सूर सांगतो." मोबाइलवर कधी अक्षर लिहायचे नाहीत, बोलूनच निरोप पाठवायचे. "टाइप करत बसाय वेळ कुणाला हाय?" आम्ही म्हणायचो, दर्दी माणूस, कानानंच जगतो. पांढऱ्या पडद्याची गोष्ट काढली की मात्र उसळायचे. "काळा म्हंजे प्रोफेशनल, वैनी. पांढरा म्हंजे तलाठी हापीस."

मला त्या काळ्यात दिसेनासं व्हायला लागलं ते एका दिवसात नाही. आधी अक्षरांना केस फुटले. पांढरं अक्षर काळ्यावर पाहिलं की त्याच्या कडेनं बारीक तुरे दिसायचे, आठचा तीन व्हायचा, तीनचा आठ. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर तिरका आहे तो वाढलाय, आणि मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून काढण्याएवढा नाही, थांबा. कागदावर मला छान दिसायचं. वर्तमानपत्र मी कोपऱ्यातल्या छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायची. काळ्यावर पांढरं आलं की संपलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. पडद्याच्या जवळ सरकले, मग आणखी जवळ सरकले. शेवटी माझं नाक आणि पडदा यांच्यात एक वीत राहिली.

अशात ते लेझीम आलं. शिरोळकडच्या एका मुलींच्या शाळेचं काम. पाटील बाई म्हणून खेळाच्या शिक्षिका, ठणठणीत आवाजाच्या, स्वतः ट्रॅक्टर चालवत आल्यासारख्या खोलीत शिरायच्या. चाळीस पोरी, हातात लेझीम, सुरुवातीला संथ गाणं आणि निम्म्यातून हलगी सुरू झाली की चाल दुप्पट. पाटील बाईंनी सगळा नाच त्या हलगीवर बसवला होता. त्या पुन्हा पुन्हा सांगून गेल्या, "हलगी म्हंजे ह्येचा जीव हाय बगा."

गाण्यातला श्वास साफ करताना मी हलगीची ओळ गप्प केली होती. काम झाल्यावर ती बोलती करायची राहिली. त्या बटणाचा दिवा म्हणजे गडद करड्यावर गडद तपकिरी. मला तो दिसला नाही. सर्जेराव मागं बसले होते, त्यांनाही मी विचारलं होतं, सगळं चालू आहे ना, आणि ते 'व्हय' म्हणाले होते. पण खुर्ची माझी होती. त्याहून मोठी चूक म्हणजे फाइल पाठवण्याआधी मी पहिलं मिनिटभरच ऐकलं. दारात दोन शाळा थांबल्या होत्या. पूर्ण ऐकलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. रंगाला दोष देताना हे मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील बाईंनी फोनवर चित्रफीत पाठवली. सोबत एक शब्दही नाही. मी ती उभ्यानंच बघितली. गाणं छान सुरू झालं, पोरींच्या हिरव्या साड्या, कपाळाला चंद्रकोर. मग ती जागा आली. चाळीस पोरींनी एकदम लेझीम वर उचललं आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही, नुसता तानपुऱ्यासारखा एक पोकळ सूर. पुढच्या रांगेतली एक पोर स्पीकरकडं बघत राहिली. मागच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. मांडवात कुणीतरी हसलं. मग कडेनं पाटील बाईंचा आवाज आला, "थांबायचं न्हाय! एक, दोन, तीन, चार!" आणि पोरींनी पाय आपटत कसाबसा नाच पुरा केला.

मला त्या पोरीची मान आठवते. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्यात, कुणाचं नाव चुकीचं घातलंय, एका लग्नाच्या गाण्यात नवरीच्या जागी करवलीचं नाव राहिलं होतं. त्या सगळ्या निभावल्या. पण मी दिलेल्या आवाजाची वाट बघणारी ती मान माझ्याच्यानं विसरवेना. मी पाटील बाईंना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

दुपारी सर्जेराव आले. खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला. "वैनी, एक बोलू काय? डोळं दमल्यात तुमचं. सांगलीत एक माणूस हाय, पडद्याचं समदं येतंय त्येला. ह्या हंगामापासनं त्येला बसवूया की. तुम्ही पावण्यांचं बघा, फोन घ्या, चापाण्याचं बघा."

बाकीचं सगळं मी समजून घेतलं असतं. चहापाणी लागलं. ज्या खोलीतली प्रत्येक तार मी स्वतः जोडली तिथं मी आता कपबशा विसळायच्या. मी म्हटलं, "आठ दिवस द्या. आठ दिवसांत मला नीट दिसलं नाही तर सांगलीचा माणूस बसू दे. मी खुर्चीला शिवणार नाही." सर्जेराव उठले. मान हलवून गेले.

पहिल्या दिवशी मी सॉफ्टवेअरनं दिलेला पांढरा रंग लावला. अक्षरं दिसली, पण तासाभरात डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आवाजाच्या ओळी इतक्या फिकट की साखरेवर मीठ सांडल्यासारखं. म्हणजे काळा चुकीचा आणि पांढराही चुकीचा. दुसऱ्या दिवशी मी पडद्याचा उजेड कमी-जास्त केला, चष्मा बदलून बघितला, खिडकीला गोणपाट लावलं. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी हुपरीला जावं लागलं.

एका शाळेच्या नाचाला पैंजणांचा आवाज हवा होता आणि संगणकात तयार मिळणारे घुंगरू ऐकले की सायकलची घंटी आठवते. म्हणून खरे पैंजण ध्वनिमुद्रित करायला मी सकाळच्या एसटीनं चांदीकामाची हुपरी गाठली. तिथं ओळखीच्या शांताक्का आहेत. घरातच त्यांचं काम चालतं. पुढच्या खोलीत मुलगा, सून आणि स्वतः अक्का पैंजणाला घुंगरू जोडत बसलेल्या. सत्तरी गाठलेली बाई, कपाळावर विभूती, बोलताना निम्मं मराठी निम्मं कानडी. मला त्या तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

मी माइक लावला, पैंजण वाजवून घेतले, आणि मग उगाच त्यांचं काम बघत बसले. घुंगराच्या इवल्या कडीचा सांधा त्या एकेक करून तपासत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला या वयात हे दिसतं कसं?"

"दिसतंय की. डोळं न्हाईत चांगलं, कागद चांगला हाय." त्यांनी मांडीवरच्या पाटाकडं बोट केलं. पाटावर सराफाचा तो पातळ गुलाबी कागद पसरलेला. त्यावर चांदी.

"गुलाबीच का? दुकानात तर काळ्या मखमलीवर मांडतात."

अक्का हसल्या. "ते विकायला, तंगी. काळ्यावर ठिवलं की समदंच झळकतंय. चांगलं बी झळकतंय, फुटकं बी झळकतंय. मग निवडायचं कसं? पांढऱ्यावर ठिवलं तर चांदी हरवतीया. आमच्या अव्वानं, आईनं, ह्यो कागद घालून दिलता, तवापासनं हाच." आणि त्यांनी एक घुंगरू उचलून बाजूला टाकलं. मी वाकून पाहिलं. त्याच्या कडीला केसाएवढी फट होती. गुलाबीवर ती मलाही दिसली.

हे सगळ्या हुपरीचं शास्त्र आहे की एकट्या शांताक्कांची सवय, मला माहीत नाही. पण परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून तेवढंच एक वाक्य घोळवत होते. काळं विकायला. आम्ही मंडळी विकायच्या रंगावर निवडायचं काम करत होतो. एसटी थांबायच्या आत मी पुढच्या दारात जाऊन उभी होते, कंडक्टर म्हणाला, "मावशी, पडशीला की!"

त्या सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलायची एक यादी असते. ती उघडली आणि मला घाम फुटला. पार्श्वभूमीचा रंग वेगळा, निवडलेल्या ओळीच्या पार्श्वभूमीचा वेगळा, न निवडलेल्या सम ओळीचा वेगळा आणि विषम ओळीचा वेगळा. नावं सगळी इंग्रजीत, आणि नावावरून काही कळेल असंही नाही. मी वही घेतली. एकेक रंग बदलायचा, पडद्यावर काय हललं ते बघायचं, वहीत मराठीत लिहायचं. 'हे म्हणजे रेघांच्या मधली जागा.' 'हे कशाचंच नाही.' 'हे हात लावू नये.' सकाळी पाणी भरून, भाकऱ्या टाकून मी आठला बसायची आणि शाळांचे स्पीकर सुरू व्हायच्या आत उठायची. एकदा अक्षरं आणि पार्श्वभूमी दोन्हीला एकच गुलाबी देऊन बसले आणि सगळी बटणंच गायब झाली. अंदाजानं कुठं कुठं दाबत अर्धा तास गेला, त्यात मध्येच खुशीतला बैल हंबरला. शेजारीण धावत आली.

हळूहळू पडदा गुलाबी झाला. राणी गुलाबी नव्हे, सराफाचा, जरा कळकट. अक्षरं कॉफीच्या रंगाची, जाड. आवाजाच्या ओळी विटकरी. मी एक वीत मागं सरकले, मग दोन वीत, मग खुर्चीला पाठ टेकली. कितीतरी महिन्यांनी माझी पाठ टेकली होती. रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

पण हलगीचा प्रश्न राहिलाच होता. गप्प केलेल्या ओळीचं ते बटण मी लाल केलं, ठळक केलं, तरी ते बटणच. चाळीस ओळींत एक बटण नजरेतून निसटू शकतं. सहाव्या दिवशी सकाळी मला ते सुचलं, भाकरी तव्यावर असताना. बटणाचा रंग बदलून काय होणार? जी ओळ गप्प आहे ती अख्खी काळी करायची. डावीकडून उजवीकडं, कोळशागत काळी. बाकी सगळं गुलाबी आणि मध्ये एक काळा पट्टा, म्हणजे ओरडून सांगणं की इथं कुणीतरी बोलायचं थांबलंय. सगळंच काळं असतं तेव्हा गप्प बसलेलं कसं कळणार? भाकरी करपली. ती मी खाल्ली आणि बसले. यादीत तो रंग होता, तळाशी, अगदी खालच्या ओळीत.

आता लोक काय म्हणाले ते सांगते. कोल्हापूर म्हटल्यावर कुणी मनात ठेवत नाही. एक गुरुजी म्हणाले, "लग्नपत्रिकेगत झालंय." बॅटरीवाले शेजारी डोकावून म्हणाले, "वैनी, सराफकट्टा टाकला काय?" एका गायक मुलाला आमच्या खोलीत रील काढायची होती; त्यानं गॉगल चढवला, पडद्याकडं बघितलं आणि विनवणीला आला. "मॅडम, पाच मिंटं काळं करा की. गुलाबीपुढं माझी इज्जत जातीया." मी म्हटलं, इज्जत सुरात असते, काळं करणार नाही. तो गॉगल खिशात घालून गायला आणि बरा गायला. सर्जेराव मात्र पडद्याकडं बघायचेही नाहीत. त्या दिवसांत ते मागच्या बाकावर बसायचे, डोळे मिटून.

सातव्या दिवशी मी शिरोळची एसटी पकडली. हलगीसकट नवा ट्रॅक, छोटा स्पीकर आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. फोन उचलत नाहीत तर दारात जाऊ. पटांगणाच्या पलीकडं उसाची तोड चालली होती, ट्रॅक्टर भरत होते, आणि पाटील बाई गळ्यात शिट्टी घालून पोरींना पळवत होत्या. मला बघून त्या थांबल्या. मी म्हटलं, "चूक माझी. बटण दिसलं नाही आणि ऐकलंही नाही. दोन्ही माझंच. हलगी आणलीय. मुलींनी एकदा तरी नीट नाचावं म्हणून आलेय."

पाटील बाईंनी पेढे घेतले, स्पीकर घेतला नाही. "त्या दिवशी तुमच्यावर लई तापलो मी. मांडवात रडायला आलं मला. पण आता पोरी हलगी नकोच म्हणत्यात बगा."

"म्हणजे?"

"दाखवतो की." त्यांनी शिट्टी मारली. चाळीस पोरी रांगेत आल्या. गाणं नाही, स्पीकर नाही. नुसत्या पायांनी सुरुवात केली, डाव्या रांगेनं दोन, उजव्या रांगेनं एक, आणि मग लेझीम. जिथं हलगी यायची तिथं चाळीस पाय एकदम जमिनीवर पडले आणि धूळ उडाली. माझ्या छातीत तो आवाज शिरला. चुकीच्या जागेवर त्यांनी आपल्या पायांनी पूल बांधला होता आणि तो माझ्या हलगीपेक्षा मजबूत होता. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. माझी सुधारलेली चूक कुणालाच नको होती.

"तालुक्याच्या स्पर्धेला ह्येच घिऊन जाणार," पाटील बाई म्हणाल्या. "आलाय तर रेकॉर्ड करून द्या. पोरी दमल्या तरी ताल मोडाय नको, सरावाला हुईल."

मी पिशवीतून माइक काढले. एक डाव्या रांगेपाशी जमिनीलगत, एक उजव्या, एक मधे. लेझीम, शिट्टी आणि पलीकडच्या ट्रॅक्टरचा आवाज वेगवेगळा घेतला. पोरी चार वेळा नाचल्या. चौथ्या वेळी ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, पाटील बाईंनी त्याला असा काही आवाज टाकला की ती फाइल मी आजही जपून ठेवलीय.

गेल्या काही वर्षांत ते सॉफ्टवेअर बरंच बदललं. आता त्यात म्हणे डोळ्यांना जपणारे रंग तयार मिळतात, यादी उपसावी लागत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा पिकायची वाट बघतेय. कधी वाटतं, एवढा आटापिटा मी रंगासाठी केला, की त्या दिवशी मला बाजूला सारलं याच्या रागासाठी? रागासाठी केला असला तरी माझं काही बिघडत नाही. रागानं केलेलं कामही नीट केलं तर नीटच होतं. आपल्याला काय दिसत नाही हे कबूल करायला मला आठ महिने लागले आणि त्यावर उपाय करायला आठ दिवस. पहिला हिशोब आधी सुटला असता तर मांडवात कुणी हसलं नसतं. आणि आपल्यासारखंच आणखी कुणी गप्प बसलं असेल, हा विचार तर माझ्या डोक्याला शिवलाही नाही.

तर त्या आठव्या दिवशी अकराला सर्जेराव आले. मुदत संपली होती. मी शिरोळचं पायांचं रेकॉर्डिंग लावलं. डावी रांग, उजवी रांग, मधला माइक, लेझीम, पाटील बाईंची शिट्टी. ट्रॅक्टरच्या आवाजाची एक ओळ मी गप्प करून ठेवली होती. सर्जेराव नेहमीप्रमाणे मागं बसले. पाय वाजायला लागले. निम्म्यात ते डोळे उघडून पुढं झुकले, उठले, माझ्या खांद्यापाशी आले.

"ही मधली काळी का हाय?"

"ती बंद आहे. ट्रॅक्टर."

ते त्या पट्ट्याकडं बघत राहिले. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "वैनी, हे मला दिसलं."

मी वळले.

"त्या दिशी हलगीचं मला न्हवतं दिसलं. तुम्ही इचारलंसा, समदं चालू हाय न्हवं. मी व्हय म्हणालतो. त्या काळ्यात मला दोन वर्सं झाली, एक अक्षर वाचाय येत न्हाय. पांढरं लावलं की डोळं दिपत्यात. मग काळंच बरं म्हणत बसलो."

"आणि सांगलीचा माणूस?"

सर्जेराव खाली बघत म्हणाले, "त्यो माझ्यासाठी होता. मागं बसून पडदा तपासाय मला जमंना झालतं, ते सांगाय लाज वाटली. तुमचं नाव पुढं केलं."

मला राग आला. मऊ, समजूतदार वगैरे काही नाही, खरा राग. आठ दिवस ती चूक मी एकटीनं वाहिली होती, चहापाण्याच्या त्या शब्दासकट, आणि हा माणूस मागं डोळे मिटून बसला होता. पडद्यावर पोरींचे पाय वाजत होते. मग मी खुर्चीवरून उठले. "बसा इथं."

"वैनी, मी कुठं..."

"बसा म्हणते न्हवं."

ते बसले. मी अक्षरं दोन घरं मोठी केली. "वाचा. मोठ्यानं."

सर्जेरावांनी बोट पडद्याला लावलं आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक ओळ वाचायला लागले. "पाय, डावी रांग. पाय, उजवी रांग. मधला माइक. लेझीम. पाटील बाई, शिट्टी." काळ्या पट्ट्यापाशी थांबले, वाकले. "ट्रॅक्टर. बंद." बरोबर होतं. एकही शब्द अडला नाही.

"आता सांगलीला फोन लावा," मी म्हटलं. "सांगा, जागा भरली. दोन्ही भरल्या."